लहानथोर मुलांसह सहल

सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघर प्रवासाचे बेत होऊं लागतात. कोठें जावयाचें याची चर्चा आठ-आठ दिवस चालते. भाडें किती पडेल, उतरावयाचें कोठें, याचाही हिशेब होतो. परंतु बरोबर जीं मुलें यावयाचीं त्यांचीं वयें काय, आणि एकाच दिवसांत त्या निरनिराळ्या वयांचें जमावें कसें, हा प्रश्न बहुधा मोटार घाटांत शिरल्यावर आणि मधल्यानें पहिली उलटी केल्यावर उपस्थित होतो. मग वडील रागावतात, आई पिशवींत फडकें शोधूं लागते, थोरली खिडकीकडे तोंड फिरवून बसते, आणि घरांतून निघतांना ज्या सहलीचें एवढें अप्रूप होतें ती एकदांची संपावी असें सर्वांनाच होऊन जातें.

या त्रासाचें खापर मुलांच्या हट्टावर फोडण्याची रीत आहे. वस्तुतः दोष मुलांचा क्वचितच असतो. तो बेताचा असतो. बेत आंखणारीं माणसें मोठीं असतात आणि तीं प्रवास किलोमीटरांनीं मोजतात. दोन वर्षांच्या मुलाला किलोमीटर ठाऊक नसतो; एका झोपेपासून दुसऱ्या झोपेपर्यंतचा वेळ हेंच त्याचें मोजमाप. नऊ वर्षांच्या मुलाला घटकेघटकेला कांहींतरी नवें घडावयास हवें असतें. चौदा वर्षांच्या मुलीला मात्र एखाद्या जागीं स्वस्थ बसून पाहावेंसें वाटूं लागलेलें असतें, आणि त्या वेळीं मागून आलेली "चल, चल" अशी हांक तिला सोसत नाहीं. आजीच्या गुडघ्यांचें वेळापत्रक आणखी निराळें. हीं सर्व घड्याळें एकाच मोटारींत बसून निघतात, आणि घरधनी मात्र आपल्या मनगटावरील घड्याळाप्रमाणें सर्वांनीं चालावें अशी अपेक्षा करतो.

यावर उपाय म्हणून कांहीं कुटुंबें सर्वांत लहान मुलाच्या बेतानें सगळी सहल चालवितात. कांहीं कुटुंबें लहानांना फरफटत मोठ्यांच्या बेतांत नेतात. पहिल्या प्रकारांत मोठीं मुलें कंटाळतात, दुसऱ्यांत लहानें आजारी पडतात. दोन्हींच्या मुळाशीं समजूत एकच आहे: सहलीला गेलेल्या कुटुंबानें सकाळपासून रात्रीपर्यंत सर्व कांहीं एकत्रच केलें पाहिजे. ही समजूत सोडली म्हणजे पुष्कळशा अडचणी आपोआप सुटतात. सहलींत कुटुंबानें थोडा वेळ वेगळें व्हावें आणि ठरल्या जागीं पुन्हां भेटावें. कोणीं कोणाबरोबर वेगळें व्हावयाचें आणि कोठें भेटावयाचें, हें ठरविणें हाच खरा बेत.

रायगडाच्या उदाहरणावरून हें स्पष्ट होईल. पुण्यांत राहणारें एक कुटुंब कल्पावें: आईवडील, सत्तरीला आलेली आजी, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांचें शेंडेफळ. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारें ८२० मीटर उंच आहे. वर जाण्यास हजाराहून अधिक पायऱ्या आहेत, आणि धडधाकट माणसास त्या चढावयास दीड-दोन तास लागतात. १९९६ सालापासून हिरकणीवाडीहून वर जाण्यास रज्जुमार्गही झाला आहे. त्याला सर्वजण रोपवेच म्हणतात. त्याच्या पाळण्यांत बसलें कीं चार-पांच मिनिटांत माणूस गडावर पोंचतो. आतां या कुटुंबापुढें नेहमींचे दोन मार्ग असतात. सर्वांनीं रोपवेनें जावें, तर थोरल्या दोघांचा हिरमोड होतो. आपण गड चढलों असें शाळेंत सांगण्याची सोय उरत नाहीं. सर्वांनीं पायऱ्या चढाव्या, तर तिसऱ्या वळणाशीं आजी खालीं बसते, धाकटें कडेवर येतें, आणि महादरवाजा दिसण्यापूर्वींच परतण्याची भाषा सुरू होते.

तिसरा मार्ग असा. आदल्या दिवशींच पायथ्याच्या पाचाड गांवीं मुक्कामाला जावें. तेथें जिजामातेची समाधि आणि तिच्या वाड्याचे अवशेष आहेत; संध्याकाळीं तेवढेंच पाहून मुलांना लौकर निजवावें. दुसऱ्या दिवशीं उजाडतां उजाडतां वडिलांनीं थोरल्या दोघांना घेऊन पायऱ्यांनीं निघावें. आई, आजी आणि धाकटें यांनीं झोप पुरी करून, न्याहरी आटोपून, रोपवे सुरू झाला म्हणजे निवांतपणें वर यावें. भेटीची जागा होळीचा माळ. तेथें शिवछत्रपतींचा पुतळा आहे, त्यामुळें ती जागा कोणालाही चुकावयाची नाहीं. भेटीची वेळ मात्र आदल्या रात्रींच ठरवावी, कारण गडावर मोबाईल लागेलच असें धरून चालणें बरें नव्हे. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासांत एक तुकडी आली नाहीं, तर दुसरीनें हलावयाचें नाहीं, हाही नियम हवा. दोन्ही तुकड्या एकमेकींस शोधीत फिरूं लागल्या म्हणजे सकाळ त्यांतच संपते.

अशा भेटीला एक गोडी असते. मुलाला पायऱ्या किती मोजल्या हें सांगावयाचें असतें, आणि वळणावर त्याची मोजणी चुकली हें मुलीला सांगावयाचें असतें. धाकटें हात उंच करून आपला पाळणा दाखवितें. सगळे एकत्रच आले असते, तर कोणापाशीं कोणाला सांगण्यासारखें कांहींच नसतें.

गडावर गेल्यावरही प्रत्येक वयाचा गड निराळा असतो. दोन वर्षांच्या मुलाला राज्याभिषेकाशीं कर्तव्य नसतें; माळावरचें गवत, चार खडे आणि एखादें कुत्रें एवढ्यावर त्याची सहल पार पडते, आणि ती पार पडूं द्यावी. नऊ वर्षांच्या मुलाला हिरकणीची कथा सांगावी. दूध विकावयास गडावर आलेली ती बाई दरवाजे बंद झाल्यामुळें अडकली, आणि घरीं एकट्या राहिलेल्या तान्ह्या मुलाच्या ओढीनें रात्रीं अवघड कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. ज्या बुरुजाला तिचें नांव आहे तो समोर दाखवून गोष्ट सांगितली म्हणजे मुलगा विसरत नाहीं. थोरल्या मुलीला गोष्टीपेक्षां प्रश्न द्यावा: एवढ्या उंचीवर राजधानी वसवावयाची तर पाणी कोठून आणावयाचें? मग गंगासागर तलाव आणि खडकांत खोदलेलीं टाकीं तिचीं तिलाच दिसूं लागतात. आणि राजसदरेंत दोन्ही मुलांना एकत्र जुंपण्याची उत्तम सोय आहे. एकानें नगारखान्यापाशीं उभें राहून हळू बोलावें आणि दुसऱ्यानें सिंहासनाच्या जागेजवळ उभें राहून तें ऐकूं येतें का पाहावें. ६ जून १६७४ या दिवशीं येथें काय झालें हें पाठ्यपुस्तकांत असतेंच. परंतु त्या सभेंत दूर उभ्या असलेल्या माणसाचा शब्द कसा पोंचत असेल, हें पुस्तकांतून कळावयाचें नाहीं.

दुपार झाली म्हणजे पुन्हां तुकड्या बदलाव्या. सकाळीं जी आई धाकट्यापाशीं होती तिनें आतां मुलीबरोबर बाजारपेठेंतून जगदीश्वराच्या देवळाकडे आणि समाधीकडे जावें, आणि वडिलांनीं पिठलें-भाकरी खाऊन झोंपाळलेल्या मुलाला सावलींत घेऊन बसावें. ही अदलाबदल कागदावर सोपी दिसते, पण घरोघर तीच होत नाहीं. सहलीहून परतल्यावर आईला काय पाहिलें म्हणून विचारलें, तर ती देवळाबाहेरची सावलीची जागा, बाटली धुवावयाचा नळ आणि स्वच्छतागृहाची अवस्था एवढेंच सांगूं शकते.

आईच्या खालोखाल हा अन्याय थोरल्या मुलीवर होतो, आणि तो अधिक लक्षांत येत नाहीं. मुलगी बारा-चौदा वर्षांची झाली कीं घरांतील वडील माणसें तिला अर्धी आई समजूं लागतात. "जरा बाळाला धर," या वाक्यानें तिची सहल सुरू होते. मोठी माणसें तिकीट काढतात, छायाचित्रें काढतात, चहा घेतात. तोंवर बाळ तिच्या कडेवर असतें. त्यांत कोणाचा दुष्टपणा नसतो. ती समंजस असते, बाळ तिच्याजवळ रडत नाहीं, म्हणून तिच्याकडे जातें, इतकेंच. परंतु त्याच घरांत तिच्याहून दोनच वर्षांनीं लहान भाऊ असला तर त्याच्या कडेवर बाळ कोणी देत नाहीं, हेंही ती पाहत असते. तिनें तक्रार केली तर तिला आळशी म्हणतात. न केली तर ती पुढच्या सुटींत "मी घरींच राहतें" असें म्हणूं लागते, आणि आईवडील मुलगी तुसडी झाली म्हणून चिंता करीत बसतात. धाकट्या भावंडाला क्षणभर सांभाळणें हें कुटुंबांतील प्रत्येक मुलाचें काम आहे. पण तें काम मुलाचें आणि मुलीचें सारखें असावें, त्याला आरंभ आणि शेवट असावा, आणि तें संपल्यावर "आतां तूं मोकळी" असें कोणीं तरी तिला स्पष्ट सांगावें.

या वयाच्या मुलीची आणखी एक गरज बेत करतांना हटकून विसरली जाते. मासिक पाळीच्या दिवसांत प्रवास आल्यास वाटेंत स्वच्छ शौचालय कोठें मिळेल हें आधीं पाहून ठेवावें, पॅड आणि कागदी पिशव्या तिच्या स्वतःच्या सामानांत असाव्या, आणि त्या दिवशीं ती पायऱ्यांऐवजीं रोपवेनें येतें म्हणाली तर कारण विचारूं नये.

जबाबदारी मुलांना द्यावयाचीच असेल, तर ज्यांत त्यांना अधिकार आहे अशी द्यावी. मुलीकडे नकाशा आणि वेळापत्रक द्यावें. कोठें थांबावयाचें तें तिनें सांगावें आणि मोठ्यांनीं ऐकावें. तिच्या हातांतला मोबाईल काढून घेण्यापेक्षां तो या कामीं लावणें बरें. मुलाकडे पाण्याच्या बाटल्यांची मोजदाद द्यावी. निघण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या आवडीची एकच गोष्ट निवडावी, आणि ती कितीही क्षुल्लक वाटली तरी बेतांत घालावी. नऊ वर्षांच्या मुलानें उतरतांना रोपवेंत पुढच्या बाजूस बसणें निवडलें, तर तो त्याचा जगदीश्वर समजावा.

हें सर्व गडावरचें झालें. परंतु गडाआधीं घाट आहे. पुण्याहून ताम्हिणीच्या मार्गानें पाचाडास पोंचावयास मोटारीनें साधारण साडेतीन-चार तास लागतात. मुलें बरोबर असतील तर ते पांच धरावे. वळणावळणाच्या रस्त्यावर मुलांना मळमळतें, याचें कारण पोट नव्हे. कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय शरीर हलत असल्याचें मेंदूला कळवितें. त्याच वेळीं पुस्तकावर किंवा मोबाईलवर खिळलेले डोळे सर्व कांहीं स्थिर असल्याचें सांगतात. या विसंगतीनें मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास क्वचितच होतो. दोन ते बारा या वयांत तो अधिक असतो. म्हणून घाटांत धाकटें स्वस्थ निजलेलें असतें आणि मधल्याची मात्र त्रेधा उडते. त्याला समोरचा दूरचा रस्ता दिसेल असें बसवावें, वाचूं देऊं नये, खिडकी थोडी उघडी ठेवावी, आणि निघतांना त्याला उपाशीही ठेवूं नये व तळलेलेंही चारूं नये. दर दीड-दोन तासांनीं पाय मोकळे करावयास थांबावें. निघण्याची वेळ मात्र धाकट्याच्या झोपेवरून ठरवावी. पहांटे उचलून गाडींत ठेवलेलें मूल निम्मा रस्ता झोपेंत काढतें.

मोटारींत तान्हें मूल पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन बसण्याची संवय अजून पुष्कळांना आहे, आणि ती अत्यंत घातक आहे. गाडी एकाएकी थांबली तर आईचे हात त्याला धरून ठेवूं शकत नाहींत. २०१९ सालीं सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीं असलेलें सुरक्षित आसन यांनीं बांधलेलें नसल्यास १,००० रुपये दंड आहे. दंडाचें भय कोणाला नसलें तरी घाटांतील वळणांचें असावें.

ज्यांच्याजवळ मोटार नाहीं त्यांना एस्.टी. आहे. राज्य परिवहनाच्या गाड्यांत पांच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धें तिकीट पडतें, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही अर्धें भाडें झालें आहे. वर कल्पिलेल्या कुटुंबांत आई, मुलगी आणि आजी तिघी अर्ध्या भाड्यांत जातात आणि पुरतें तिकीट वडिलांना एकट्यालाच पडतें. आगगाडीचा हिशेब निराळा आहे. तेथें पांच वर्षांखालचें मूल स्वतंत्र जागा न घेतां फुकट जातें. पण पांच ते बारा वर्षांच्या मुलासाठीं निजावयाची स्वतंत्र जागा हवी असल्यास एप्रिल २०१६ पासून पुरतें भाडें द्यावें लागतें. रात्रीच्या प्रवासांत नऊ वर्षांच्या मुलाला आईच्या पायथ्याशीं मुडपून निजवून वांचविलेले पैसे दुसऱ्या दिवशींच्या किरकिरींत भरून निघतात, हें ज्यानें त्यानें पाहावें.

खाण्याविषयीं फार सांगावयास नको. दशम्या, गुळपापडी, राजगिऱ्याचे लाडू, केळीं यांनीं पूर्वींच्या पिढ्यांचे प्रवास झाले आणि आजही होतात. सहा महिन्यांखालील मुलाला अंगावरच्या दुधाखेरीज कांहींच, अगदीं पाणीही, लागत नाहीं. त्यामुळें प्रवासाला सर्वांत सोपें वय तेंच. त्याहून मोठ्या मुलांना जुलाब किंवा उलट्या होऊं लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट-घोट पाजीत राहावें. औषधाच्या दुकानांत मिळणारीं ओ.आर.एस.चीं पाकिटें दोन-चार बरोबर असलीं तर मापाचा घोळच नको. मूल सुस्त पडलें, डोळे खोल गेले किंवा लघवी होईनाशी झाली, तर सहल तेथेंच सोडून डॉक्टर गांठावा.

तुकड्यांनीं वेगळें व्हावें या नियमाला दोन जागीं अपवाद आहे: पाण्याचा कांठ आणि कड्याची कड. लहान मूल आईबापांच्या मागें जात नाहीं इतकें मोठ्या भावंडाच्या मागें जातें. चौदा वर्षांच्या मुलीला जो दगड सहज झेपतो त्यावर नऊ वर्षांचा मुलगा चढतो, आणि त्याला पाहून दोन वर्षांचें धांवतें. म्हणून येथें सर्वांची मर्यादा धाकट्याच्या मापाची असावी, आणि एका मोठ्या माणसाला मुलांवर नजर ठेवण्याखेरीज दुसरें कांहींही काम नसावें. छायाचित्र काढण्याचेंही नाहीं. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याजवळ भुशी धरणामागील प्रवाहांत पावसाळी सहलीला आलेल्या एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं. त्यांत लहान मुलें होतीं. पाणी एकाएकी वाढलें, आणि प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे राहिलेल्यांना कांठ गांठतां आला नाहीं. त्यानंतर आठच दिवसांत रायगडावर मुसळधार पाऊस कोसळून पायऱ्यांवरून लोंढे वाहूं लागले आणि चढणारे लोक वाटेंत अडकले. वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस खालच्या माणसाला दिसत नाहीं, आणि पाणी येतें तेव्हां विचार करावयास वेळ नसतो. भर पावसाळ्यांत लहान मुलांसह ओढ्याच्या पात्रांत उतरूं नये आणि गडही चढूं नये. आक्टोबर सरल्यावर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस त्यासाठीं पुष्कळ आहेत. टकमक टोकावर लोखंडी कठडा आहे खरा, पण धाकट्याला तेथें नेण्याचें प्रयोजन काय? त्यानें माळावरच खडे वेंचावे.

मूल गर्दींत चुकण्याची भीति गडापेक्षां जत्रेंत आणि स्थानकावर अधिक. ६ जूनच्या सोहळ्याला किंवा शिवजयंतीला रायगडावर मोठी गर्दी लोटते. लहान मुलें असतील तर ते दिवस टाळावे. वडिलांचा दूरध्वनि-क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक मुलाच्या खिशांत, आणि धाकट्याच्या सदऱ्याला आंतून टांचलेली असावी. चुकल्यास इकडेतिकडे धांवावयाचें नाहीं, आहे तेथेंच उभें राहावयाचें, आणि पोलीस किंवा लहान मूल बरोबर असलेली एखादी बाई दिसली तर तिला सांगावयाचें, एवढें नऊ वर्षांच्या मुलाकडून दोनदां म्हणवून घ्यावें. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ आणि कोणत्याही संकटासाठीं ११२ हे क्रमांक थोरलीला पाठ असावे.

परतीचा बेत मात्र बहुतेक कुटुंबें करीतच नाहींत. शेवटच्या दिवशीं आणखी एक ठिकाण उरकण्याचा मोह होतो, आणि रात्रीं अकराला घरीं पोंचलेल्या मुलांना सकाळीं सातला शाळेंत ढकलावें लागतें. रायगडाहून जेवण आटोपून दुपारींच निघावें, म्हणजे घाट उजेडांत पार होतो आणि धाकट्याची दुपारची झोपही गाडींतच होते. मळक्या कपड्यांचें बोचकें वेगळें बांधलेलें असावें, आणि सोमवारच्या शाळेचे कपडे निघण्यापूर्वींच इस्त्री करून कपाटांत ठेवलेले असावे.